पायाळूची टाच

वसईजवळच्या उमेळ्याचा जयवंत चुरी जन्माला आला तो पायांकडून. डोकं मागाहून आलं. सुईणीने तेव्हाच सांगून टाकलं होतं, "पोर पायाळू आहे, जपा."

जपायचं दोन कारणांनी. पायाळू माणसावर वीज पडते असा जुना समज. म्हणून आभाळात गडगडलं की आई त्याला वाडीतून ओढत घरात आणायची आणि माजघरात गोणपाटावर बसवून ठेवायची. दुसरं कारण गावाच्या उपयोगाचं. कुणाच्या पाठीत उसण भरली, कुणाची कंबर धरली, की पायाळूचा पाय पाठीवरून फिरवायचा. माणूस सरळ होतो. जयवंत सहा वर्षांचा असल्यापासून लोक येत आले. आधी आई त्याला बखोट्याला धरून लोकांच्या पाठीवर उभा करायची, पुढे तो स्वतःच पाय ठेवू लागला. केळीचे लोंगर उचलणारे आले, शिंपणं करणाऱ्या बाया आल्या, आणि अलीकडे वाडीच्या कुंपणाला लागून इमारती उभ्या राहिल्या तेव्हा त्यांतले कमरेला पट्टा बांधलेले नोकरदारही आले.

पद्धत ठरलेली होती. दुखणेकऱ्याने ओटीवर पालथं पडायचं. जयवंतने उजवा पाय धुऊन, पुसून, टाच त्याच्या माकडहाडापाशी टेकवायची आणि खांद्यापर्यंत तीनदा ओढत न्यायची. तेवढ्या वेळात दुखणेकऱ्याने तोंडातून शब्द काढायचा नाही. उठल्यावर आभार मानायचे नाहीत, "येतो"सुद्धा म्हणायचं नाही. चपला घालून मुकाट चालू लागायचं. बोललं की गुण जातो.

जयवंत तसा बुजरा माणूस. वसईतल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत त्याने तीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या. तिथे मास्तर लोक त्याला नुसतं "जयवंत" म्हणत, आणि कंबर धरली की "जयवंतभाऊ" म्हणत. लग्नाच्या पंगतीत तो शेवटच्या पानावर बसायचा, ग्रामसभेत दाराजवळ उभा राहायचा. पण आपल्या उजव्या पायाचा मात्र त्याला मनातून मान होता. हा एक पाय सोडला तर आपल्यात लोकांनी शोधत यावं असं काही नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

साखर त्याला अकरा वर्षांपूर्वी निघाली. गोळी कधी घ्यायचा, कधी विसरायचा. दुखत काहीच नव्हतं, म्हणून आजार आहे असं त्याला खरंखुरं कधी वाटलंच नाही. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तपासणी केली तेव्हा कागदावरचा आकडा बघून त्याची मुलगी उन्नती हबकली. ती लग्न होऊन जवळच्याच एव्हरशाईन सिटीत राहते, आणि सकाळी धावणाऱ्यांच्या एका गटात जाते.

"पप्पा, उद्यापासून माझ्याबरोबर यायचं."

"मी? बासष्टाव्या वर्षी? लोक म्हणतील, म्हाताऱ्याच्या मागे कुत्रं लागलंय."

"म्हणू देत. साखर तर उतरेल."

बूट तिनेच आणले. गटाचे पुढारी ज्युड सर. निवृत्त पीटी मास्तर, गळ्यात अजून शिट्टी. त्यांनी जयवंतला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं, "काका, दोन मिनिटं पळा, तीन मिनिटं चाला. पहिला महिना एवढंच. हौस करायची नाही."

पहिला आठवडा जयवंतने ऐकलं. मग हौस आली. वसईच्या किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याने सकाळच्या गारव्यात आपण पळतोय, छाती भरून येतेय, आणि मागून येणारी दोन तरणी पोरं अजून मागेच आहेत, हे त्याच्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं. आयुष्यभर ज्याच्या पायाने दुसरे उठून चालू लागले, तो आता स्वतः सुटला होता. तिसऱ्या आठवड्यात तो चार किलोमीटर न थांबता पळाला. डिसेंबरात शहरात धावण्याची शर्यत होती, त्यातल्या पाच किलोमीटरला उन्नतीने दोघांची नावं घातली. छातीला नंबर लावून बापलेक बरोबर धावणार, असं ठरलं. जयवंतने ही गोष्ट दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगितली. एरवी कुणाला काही सांगणारा तो माणूस नव्हे.

पाचव्या आठवड्यातल्या एका सकाळी त्याने खाटेवरून उजवा पाय खाली टेकवला आणि टाचेतून थेट मस्तकापर्यंत लख्खकन काहीतरी गेलं. तो खाटेचा खूर धरून तसाच वाकून राहिला. आईने लहानपणी ज्या विजेपासून जपलं होतं, ती आभाळाची वाट न बघता फरशीतून आली होती.

दहा पावलं चालल्यावर कळ ओसरली. जयवंत पळायला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच वीज. तिसऱ्या दिवशी अंगणापर्यंत जायला त्याने भिंत धरली. शेवटी त्याने ज्युड सरांना बाजूला घेऊन हळूच विचारलं.

"टाचेखालचा पट्टा ताणलाय," सर म्हणाले. "नवीन पळणाऱ्यांना होतं. म्हणून म्हटलं होतं, हौस नको. आता तीन आठवडे पळणं बंद. पायरीवर उभं राहून पोटऱ्या ताणा. बाटलीत पाणी गोठवून पायाखाली फिरवा. आणि साखर आहे ना तुम्हाला? मग आधी डॉक्टरांना पाय दाखवा."

जयवंतने मान डोलावली, आणि यातलं काहीएक केलं नाही. डॉक्टरकडे जायचं म्हणजे रिक्षात बसायचं, रिक्षात बसताना कुणीतरी विचारणार, आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत उमेळ्यात बातमी होणार की पायाळूचाच पाय दुखतो. मग उद्या आपली पाठ घेऊन कोण येणार? ज्या विहिरीला पाणी नाही तिच्यावर कळशी घेऊन कोण जातं? एवढ्या एका भीतीपोटी त्याने तोंड शिवून घेतलं. बायकोलाही "बूट नवीन आहेत, सवय होईल" एवढंच सांगितलं.

कुंपणापलीकडे हरेश्वरची मोगऱ्याची वाडी. दोघं लहानपणापासूनचे सोबती. हरेश्वरची पाठ वर्षातून दोनदा धरायची आणि जीभ मात्र कधीच धरायची नाही. सकाळी गावात काय घडलं हे ज्याचं त्याला कळायच्या आत हरेश्वरकडून दुसऱ्याला कळलेलं असे. त्याने जयवंतला लंगडताना पाहिलं.

"काय रे जयवंता, पाय का ओढतोयस?"

"बूट चावतोय."

"बूट चावला तर बूट काढावा. पाय काढायला बसू नये."

स्वतःच्याच विनोदावर तो खो खो हसला. जयवंतही हसला.

घरातला उपाय त्याला ठाऊक होता. टाच धरली की आई वीट तापवायची, तिच्यावर रुईचं पान ठेवायची, पानाला तेल लावायची आणि त्यावर टाच दाबायला सांगायची. वाडीच्या कडेला रुई होतीच. मोडक्या गोठ्यातून त्याने एक जुनी लाल वीट उपटून आणली. वसुंधरा, म्हणजे त्याची बायको, दुपारी पडवीत गजरे करत बसली की तो मागल्या दारी चूल पेटवायचा, वीट तापवायचा आणि पाटावर बसून शेक घ्यायचा.

पहिल्या दिवशी त्याला वाटलं, वीट पुरती तापली नाही. कोमटच लागली. दुसऱ्या दिवशी त्याने ती जास्त वेळ ठेवली. तरी ऊब जेमतेम. तिसऱ्या दिवशी आणखी लाकडं घातली. "माणसं राहिली नाहीत तशा विटाही राहिल्या नाहीत," असं तो स्वतःशी पुटपुटला. पाचव्या दिवशी पान चर्रकन वाजलं, काळं झालं, करपल्याचा वास आला. त्याने पान बदललं आणि टाच पुन्हा दाबून धरली.

त्याच दिवशी वसुंधरा मागल्या दारी आली. नवरा शेक घेऊन उठला होता. वाटेत पडलेली वीट बाजूला करावी म्हणून तिने हात लावला आणि किंचाळली.

"अगं आई गं! अहो, ही वीट आहे की निखारा?"

"तुझे हात मऊ आहेत," तो म्हणाला. "फुलं ओवून ओवून."

तिने बोटं पाण्याच्या बादलीत बुडवली. त्यावर फोड आले. दोन दिवस तिला सुई धरता आली नाही. आणि ती वीट ज्याने एवढा वेळ पायाखाली धरली तो माणूस समोर उभा राहून हसतोय, हे त्या वेळी दोघांपैकी कुणालाच खटकलं नाही. पुढे कित्येक दिवस वसुंधरा तेवढ्या एका क्षणाला घट्ट धरून बसायची. "माझी बोटं भाजली होती हो," ती म्हणायची. "मला कळायला हवं होतं."

शेक सुरू केल्यापासून नवव्या सकाळी जयवंतने खाटेवरून पाय टेकवला आणि वीज आली नाही. त्याने पुन्हा टेकवला. थोडं अवघडल्यासारखं वाटलं, एवढंच. त्याला इतका आनंद झाला की त्याने चहासुद्धा घेतला नाही. मोजे चढवले, बूट घातले आणि एकटाच निघाला. तीन किलोमीटर पळून आला. रस्ता पायाखालून जात होता, आणि खरं सांगायचं तर पायाखाली रस्ता आहे असं वाटतच नव्हतं. कापसावरून धावल्यासारखं हलकं. ही आपल्या पायाचीच करामत, असं त्याला वाटलं. घरी येऊन मोजा काढताना तो टाचेला चिकटला होता. त्याने ओढून काढला. ओला होता. घाम असेल.

आंघोळ करून तो ओटीवर येतो तो हरेश्वर कुंपणाच्या फटीतून वाकडा होऊन येत होता. शेणखताची गोण उचलताना पाठीत उसण भरली होती. तोंडातून शब्द फुटत नव्हता, आणि हरेश्वरच्या बाबतीत ते फार मोठं दुखणं होतं. त्याने सदरा काढला, पांढऱ्या बनियनवर पालथा पडला आणि डोळे मिटले.

जयवंतने तांब्यातलं पाणी पायावर घेतलं, पंच्याने पाय पुसला, टाच माकडहाडापाशी टेकवली. खांद्यापर्यंत एकदा ओढत नेली. दुसऱ्यांदा नेली. तिसऱ्यांदा टाच पाठीच्या मध्यावर आली असेल नसेल, तेवढ्यात हरेश्वर बोलला.

"जयवंता, पाय पुसला नाहीस काय रे?"

जयवंत थबकला. पन्नास-पंचावन्न वर्षांत पायाखालचं माणूस कधी बोललं नव्हतं.

"बोलू नकोस, हरी."

"अरे पण ओलं लागतंय. चिकट."

"पुसलाय पाय. गप पड."

वसुंधरा चहा घेऊन दारात आली होती. तिने कप हळूच खाली ठेवले आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "अहो, पाय वर घ्या."

त्याने पाय उचलला. पांढऱ्या बनियनवर कमरेपासून खांद्याकडे पट्टे उमटले होते. मधे पिवळट, कडेला तांबडे.

"हरी! तुझी पाठ फुटलीय रे! रक्त येतंय!"

हरेश्वर धडपडून उठला. पाठीमागे हात नेऊन चाचपू लागला. वसुंधराने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"त्यांची नाही," ती म्हणाली. "तुमची."

जयवंत ओटीच्या कडेला बसला. उजवा पाय डाव्या मांडीवर घेऊन त्याने वळवला, आणि आपली टाच त्याला किती दिवसांनी दिसली कुणास ठाऊक. मधोमध पेढ्याएवढ्या जागेवरचं कातडं उचललं गेलं होतं. खाली ओलं लाल मांस, भोवती काळपट कडा, आणि त्या मांसात मोज्याचा एक पांढरा धागा रुतून बसला होता. त्याने अंगठा कडेवर ठेवला, दाबला. काही नाही. जास्त जोरात दाबला. काही नाही. दुसऱ्या कुणाचा तरी पाय आपण मांडीवर घेऊन बसलोय, आणि तो दुसरा कुठेतरी आत झोपलाय, असं त्याला वाटलं.

"दुखत नाही," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "वसू, हे दुखत का नाही?"

हरेश्वर तसाच बनियनवर रस्त्याकडे धावला आणि रिक्षा घेऊन आला. तो ताठ चालत होता हे त्या गडबडीत कुणाच्या ध्यानात आलं नाही.

वसई गावात डॉक्टर सँड्रांचा छोटा दवाखाना आहे. चाळिशीतल्या शांत बाई. त्यांनी जखम पाहिली, साफ केली, एक्स-रेला पाठवलं, परत आल्यावर फोटो उजेडाला धरून बराच वेळ बघितला. मग त्यांनी जयवंतला टेबलावर आडवं केलं.

"काका, एक छोटी परीक्षा. डोळे मिटा. मी एक बारीक दोरा लावीन. आधी हाताला लावते. लागला की 'हो' म्हणा."

"हो," जयवंत लगेच म्हणाला.

"शाब्बास. आता पायांना लावते. लागला की 'हो' म्हणायचं."

जयवंत डोळे मिटून वाट बघू लागला. तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेला माणूस. परीक्षा म्हटल्यावर तो सावध होऊन पडला. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. एकदा वाटलं, काहीतरी लागलं. "हो," तो म्हणाला. पुन्हा शांतता. थोड्या वेळाने तो आणखी एकदा "हो" म्हणाला. मग काहीच नाही. डॉक्टरीणबाई कसली तयारी करताहेत कोण जाणे.

"करा ना सुरू, डॉक्टर," तो म्हणाला. "मी तयार आहे."

खोलीच्या कोपऱ्यातून वसुंधराचा हुंदका आला. त्याने डोळे उघडले. ती तोंडावर पदर दाबून उभी होती.

"झालं, काका," डॉक्टर सँड्रा म्हणाल्या. "दोन्ही पायांना मिळून वीस ठिकाणी लावला. दोनदा तुम्ही 'हो' म्हणालात. त्यातल्या एका वेळी मी लावलाच नव्हता."

जयवंत उठून बसला आणि दोन्ही पायांकडे त्याने असं पाहिलं की जणू घरातल्या विश्वासाच्या माणसाने मागल्या दाराने सामान हलवलंय, आणि तेही एका दिवसात नाही, वर्षानुवर्षं.

"पण टाच दुखत होती," तो म्हणाला. "सकाळी वीज यायची. दुखत होती म्हणून तर शेकली ना मी?"

"आतली कळ वेगळी, काका, वरची जाणीव वेगळी. साखरेने वरची जाणीव हळूहळू गेली. आतला पट्टा ताणला त्याची कळ तेवढी पोचत होती. ते दुखणं साधं होतं. विश्रांती घेतली असती, पाय ताणले असते तर दीड-दोन महिन्यांत उतरलं असतं. शेकाने ते सैल पडलं असेल किंवा नसेल, मला नक्की सांगता येणार नाही. पण वरचं कातडं तुम्ही रोज थोडं थोडं भाजत होतात. आणि काल-परवा कधीतरी फुटलेला तो फोड घेऊन आज पळून आलात."

"पाय राहील ना?" वसुंधराने विचारलं.

"हाडापर्यंत गेलेलं दिसत नाही. आणखी आठवडाभर घरी काढला असता, तर आज मी तुमच्याशी दुसरंच बोलत असते. आता टाच जमिनीला लागता कामा नये. एक दिवसाआड ड्रेसिंग. साखर काबूत. हे सगळं झालं तर पाय राहील असं मला वाटतं. कुठे कमी पडलं, तर मी शब्द देत नाही."

जयवंतला हरेश्वरचा विनोद आठवला. पाय काढायला बसू नये. त्याच्या तळहातांना घाम फुटला. त्यांना मात्र सगळं कळत होतं.

"आमच्या आईचा उपाय होता तो," तो खालच्या मानेने म्हणाला. "वीट आणि रुई. आईने केला तेव्हा कधी भाजलं नाही."

"आई स्वतः वीट कशी बघायच्या?"

जयवंतला आई दिसली. चुलीपुढे उकिडवी बसलेली, तापलेल्या विटेवर पान ठेवून आधी स्वतःचा उलटा हात त्यावर धरणारी, "थांब, निवू दे" म्हणून फुंकर घालणारी. एवढी वर्षं त्याने वीट लक्षात ठेवली होती, पान लक्षात ठेवलं होतं, तेल लक्षात ठेवलं होतं. आईचा हात तेवढा विसरला होता.

संध्याकाळी उन्नती धावत आली आणि बापाच्या खाटेशी बसून रडू लागली. "मीच पळवलं तुम्हाला, पप्पा."

"तू पळवलंस म्हणून कळलं," तो म्हणाला. हे त्याने तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं, पण म्हटल्यावर त्याला ते खरंही वाटलं. पळाला नसता तर टाच दुखली नसती, आणि टाच दुखली नसती तर पाय असाच मुका राहून एखाद दिवशी वाडीतल्या काट्याने किंवा काचेने गेला असता.

डिसेंबरातली शर्यत झाली. उन्नतीने नाव काढून घेतलं नाही. बापाचा नंबर पर्समध्ये घालून ती धावली. जयवंत खाटेवर पाय उशीवर ठेवून पडला होता. पुढे कुबडी आली, मग पुढच्या बाजूला भार पडेल अशी वेगळी चप्पल आली. दर दोन दिवसांनी पट्टी सुटायची, आणि प्रत्येक वेळी तो वसुंधराच्या तोंडाकडे बघायचा, कारण पायाकडून त्याला काहीच कळत नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरूनच तो आपली टाच वाचायचा. जानेवारीत एकदा तो चेहरा पडला; कडेला पुन्हा पिवळं दिसत होतं. त्या आठवड्यात दोघंही नीट जेवली नाहीत. मग जखम पुन्हा हळूहळू भरत गेली. फेब्रुवारीच्या शेवटी डॉक्टर सँड्रांनी जखम मिटल्याचं सांगितलं आणि लगेच बजावलं, "मिटली म्हणजे सुटलात असं नाही. अनवाणी पाऊल टाकायचं नाही, वाडीतही नाही, घरातही नाही. आणि रोज, एक दिवस न चुकता, दोन्ही तळपाय कुणीतरी बघायचे."

ते काम वसुंधराने घेतलं. रोज सकाळी पाय मांडीवर घेऊन ती चष्मा लावून बघायची. जयवंतला पहिले आठ दिवस फार संकोच वाटला. लोकांच्या पाठीवर फिरलेला पाय, त्याला आजवर कुणी असा हातात धरून उलटापालटा केला नव्हता.

मार्चात वसुंधराला बहिणीच्या घरच्या हळदीला केळव्याला जावं लागलं. दोन दिवसांचाच प्रश्न होता. जाताना ती आरसा देऊन गेली. दुसऱ्या सकाळी जयवंत ओटीवर बसून आरसा पायाखाली धरायची खटपट करत होता. गुडघा वळत नव्हता, आरशात कधी छप्पर दिसायचं, कधी स्वतःचं नाक. तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून हरेश्वर आला. वाकडा होऊन. आल्याबरोबर एक शब्द न बोलता त्याने सदरा काढला आणि पालथा पडला.

जयवंत त्या पाठीकडे बघत राहिला. नवीन बनियन होतं.

"ऊठ, हरी."

हरेश्वर हलला नाही. बोलायचं नसतं ना.

"ऊठ म्हणतो ना. मी आता पाय ठेवणार नाही. माझा पाय कुठे टेकलाय, किती दाबलाय, मलाच कळत नाही. तुझं एखादं हाड मोडलं तरी मला कळणार नाही."

हरेश्वर कण्हत उठून बसला. "पण त्या दिवशी पाठ बरी झाली होती हां माझी," तो म्हणाला. "तुझी शपथ. रिक्षा आणायला पळालो ना मी? चार महिने दुखली नाही. तसं बरं करून घ्यायचं कुणाला सुचणार नाही, पण झाली."

जयवंतला हसू आलं आणि लगेच विरलं. मग चार महिने मनात सलत असलेलं त्याने विचारलं. "गावात काय सांगितलंस?"

"काय सांगणार?"

"बनियनचं."

"कुणाला नाही सांगितलं."

जयवंतने त्याच्याकडे बघितलं. हरेश्वरने एखादी गोष्ट चार महिने पोटात ठेवली, हे ऐकून त्याला टाच पाहिली होती त्या दिवसाइतकाच धक्का बसला.

"बायकोलाही नाही?"

"बनियन जाळून टाकलं. तिला सांगितलं, उंदराने नेलं." हरेश्वर जमिनीकडे बघत म्हणाला, "तुझ्या ओटीवरून उठल्यावर बोलायचं नसतं. त्या दिवशी मधेच एकदा तोंड उघडलं मी. म्हटलं, तेवढंच पुरे. म्हणूनच तुझा पाय बिघडला की काय, असंही मनात यायचं."

"वेडा आहेस. तू बोललास म्हणून पाय राहिला." जयवंतने आरसा खाली ठेवला. "आता बोल. सगळ्यांना सांग. कुणाच्या घरी साखर आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यांना आधी सांग. पायाळूची टाच भाजली आणि पायाळूला कळलं नाही, असंच सांग."

"लोक यायचे बंद होतील रे."

"होऊ दे."

हरेश्वरने मान हलवली. मग त्याचं लक्ष आरशाकडे गेलं. "हे काय चाललंय?"

"तळपाय बघायचेत. वसू नाही घरी. रोज बघावे लागतात."

"आण इकडे."

"नको रे, हरी. पाय..."

"आण म्हणतो ना. पंचावन्न वर्षं पाठीवर घेतलाय तो."

हरेश्वर कण्हत कण्हत ओटीच्या पायरीवर सरकला आणि जयवंतचा उजवा पाय त्याने आपल्या मांडीवर घेतला. उजेडाकडे वळवला. बोटांच्या बेचक्यांत पाहिलं. टाचेवरच्या गुलाबी, चकचकीत, नव्या कातड्यावर बोट फिरवलं.

"कळतंय?"

"नाही."

"साफ आहे. भेग नाही, फोड नाही. आता डावा."

डावाही त्याने तसाच सावकाश बघितला. मग जयवंतच्या चपला उचलून त्याने उलट्या करून झटकल्या. एकीतून बारीक खडा पडला. दोघांनीही त्या खड्याकडे पाहिलं. हरेश्वरने तो उचलून कुंपणापलीकडे भिरकावला, चपला जयवंतच्या पायांत सरकवल्या, खांबाला धरून कसाबसा उभा राहिला आणि एक हात कमरेवर ठेवून फटीच्या दिशेने निघाला.

कुंपणापाशी तो थांबला. मागे वळला.

"येतो रे," तो मोठ्याने म्हणाला. "उद्या सकाळीही येतो, पाय बघायला."

"ये," जयवंत म्हणाला. "आणि जाता जाता डॉक्टरांना पाठ दाखव."